लोकरीने शिवलेली पेटी

भाविकहो, त्या वर्षी श्रावणात अचलनाथ महाराज आंबेसावळी गावी उतरले होते. नदीकाठच्या मारुतीच्या देवळात त्यांचा मुक्काम. सामान म्हणाल तर एक कमंडलू, एक छाटी आणि झोळीत पितळेचा बोटभर बाळकृष्ण. महाराज उठता-बसता झोळी कुठे ना कुठे आपटायची, आणि महाराज हळूच म्हणायचे, "लागलं का रे बाळा?"

हे ऐकले घोंगड्या विणणाऱ्या तानूबाई सणगरणीने, आणि तिच्या जिवाला चैन पडेना. देवाला पेटी हवी! त्या एकट्या विधवा बाईने आजवर लाकडाला हात लावला होता तो चुलीत घालण्यापुरता. तरी तिने मोडक्या पाटाच्या फळ्या कशाबशा कापल्या, तापल्या सळईने कडांना भोके पाडली आणि खिळे ठोकता येईनात म्हणून लोकरीच्या पिळदार दोऱ्याने फळ्या चक्क शिवून काढल्या. विणणाऱ्या बाईला दुसरे काय सुचणार? झाकणही टाक्यांनीच जोडले, बांधायला पुढे दोन दोरे सोडले. बोटे रक्ताळली. पेटी झाली खरी, पण चारही कोपरे चार दिशांना!

गोकुळाष्टमीच्या सकाळी तिने ती पेटी महाराजांपुढे ठेवली. शेजारीच आबाजी सुतार बसला होता. पंचक्रोशीतले देव्हारे त्याच्या हातचे, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

"अगं तानू, लाकडाला टाके? ही पेटी हाय का वाकळ?" तो म्हणाला, आणि सारे देऊळ हसले.

तानूबाईने मान खाली घातली. "म्हाराज, मला सुतारकी येत न्हाई. पर देवाला लागतंय, ते ऐकवंना."

महाराजांनी बाळकृष्णाला ओले गंध लावले, तुळशीचे पान वाहिले, त्याला पेटीत निजवले आणि दोऱ्यांची गाठ तानूबाईलाच मारायला सांगितली.

जन्मोत्सव पलीकडच्या तीरावरच्या देवळात व्हायचा. दुपारी नाव निघाली. नदी दुथडी भरून वाहत होती. मध्यावर आबाजीला पुन्हा लहर आली. "बघा रे ही कारागिरी!" म्हणत त्याने महाराजांच्या मांडीवरची पेटी उचलून उंच धरली. तेवढ्यात नाव हेलकावली. पेटी त्याच्या हातून निसटली आणि पुरात दिसेनाशी झाली.

"पेटीच वाकडी! धरायची तरी कुठं?" आबाजी ओरडला.

झाले! सगळे तानूबाईवर उलटले. "तुझ्यापायी देव बुडाला!" ती बिचारी उडी घ्यायला उठली. महाराजांनी हात आडवा केला.

"बाई, तुला पोहता येतं?"

"न्हाई, म्हाराज."

"मग बस. त्याला येतं."

नाव तीराला लागली. तानूबाई पाण्याच्या कडेला बसून हमसाहमशी रडत होती. आणि काय सांगावे त्या बाळकृष्णाचे कौतुक! खालच्या अंगाने पेटी तरंगत येत होती. पाणी खाली धावत होते आणि पेटी वर चढत होती. पेटी आली ती थेट तानूबाईच्या ओच्यापाशी टेकली.

"आत पाणी भरलं असंल," आबाजी पुटपुटला. त्याने गाठ सोडायला घेतली, सुटेना. फळे कापायची सुरी लावली, तर लोकरीचा एकही धागा तुटेना! महाराजांनी खूण केली. तानूबाईने नुसते बोट लावले, आणि झोपेत लेकराची मूठ सुटावी तशी गाठ सुटली.

आत लाकूड ठणठणीत कोरडे होते. तुळशीचे पान ताजे होते. बाळकृष्णाच्या कपाळावरचे सकाळचे गंध मात्र अजून ओले होते!

आबाजी महाराजांच्या पायांवर कोसळला. "म्हाराज, देव माझ्या हातनं पडला, आन् मी आळ हिच्यावर घातला."

महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "आबाजी, ज्या हातांना हसलास, त्यांच्यापुढे जा."

साऱ्या गावादेखत त्याने तानूबाईपुढे वाळूत डोके टेकले. ती अवघडून मागे सरली. "आवं आबाजीदादा, उठा की! आसं काय करता?"

"तानूबाई, येवढे देव्हारे घडवले, पर देव आत ऱ्हायला आलेला कधी बघितला न्हाई. आज बघितला," तो म्हणाला, आणि त्याचे कपाळ वाळूवरून उठेना.