मागे तुझं कोण आहे?

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना व्हिसाच्या खिडकीवर 'परतीचा हेतू' सिद्ध करावा लागतो. शिक्षण संपलं की मायदेशी येणार, याची खात्री पटवायची. त्यासाठी आईबाप दाखवा, जमीनजुमला दाखवा. ज्याला यातलं काहीच नाही त्यानं काय दाखवावं, याचा विचार करायची तसदी मात्र कुणी घेत नाही!

आजऱ्याची केतकी होडगे अशीच एकटी. काचेपलीकडचा गोरा अधिकारी कुत्सित हसला.

"आईबाप नाहीत, घर नाही. तू कशाला परत येशील?"

त्याच्या टेबलावर बर्फातल्या एका गावाचा फोटो होता. केतकीनं विचारलं, "साहेब, हे तुमचं गाव का?"

"हो. इथली नोकरी संपली की तिकडेच जाणार."

"तिथं कोण असतं तुमचं?"

"आता कुणी नाही."

"मग कशाला जाता?"

"कशाला म्हणजे? माझं गाव आहे ते!"

"मग माझंही उत्तर तेच लिहा, साहेब."

अधिकाऱ्यानं एकदा फोटोकडे पाहिलं. मग त्यानं व्हिसा मंजूर केला.

बाहेर जो तो घरी फोन लावत होता. केतकीला कळवायला कुणी नव्हतं. तिनं आजऱ्याची एस.टी. पकडली.