पाठ टेकण्याची रीत

"पण चाचा, तुमच्या काळी याला म्हणायचे तरी काय?"

"कशाला?"

"हेच… जुनं फेकून न देता त्याचं मूळच्याहून सरस काही करायचं, त्याला."

"गादी म्हणायचे."

एरंडोलच्या पेठेत दगडूभाई पिंजाऱ्याचं दुकान. जुन्या गाद्यांचा कापूस पिंजायचा नि पुन्हा भरून द्यायचा, यातच जन्म गेलेला. वय ऐंशीच्या घरात. भुवया कापसाने पांढऱ्या की वयाने, ते त्यांनाही ठाऊक नाही.

समोर तेजल बोरसे. पुण्याला शिकून आलेली, नि दोन वर्षं चाचांची कापूस पिंजायची धनुकली ओढून हाताला घट्टे पाडून घेतलेली.

आज पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. अगदी एकटीच्या हातची पहिली गादी तिने दुकानात पसरली होती. शनिवारी ती पुण्याच्या प्रदर्शनात मांडायची होती.

"गादी काय म्हणता, अपसायकलिंग म्हणा! तीसेक वर्षांमागे तिकडे परदेशात एकजण म्हणाला, जुन्या विटा फोडून तुम्ही त्यांची खडी करता, म्हणजे चांगली चीज खाली उतरवता. मला ती वर चढवायचीय. तिथून हा शब्द गाजला. आता दुकानांवर पाट्या, मोबाइलवर व्हिडिओ. लग्नात नवरी आईच्या शालूचा घागरा शिवते नि ऐटीत हाच शब्द सांगते."

"माणूस शहाणा," चाचा म्हणाले. "पिंजारी होता?"

"नाही हो!"

"मग थोडं राहिलंच त्याचं."

तेजल हसली, पण तिचा जीव गादीत अडकला होता. दगडूभाईंच्या घराण्याची रीतच तशी. चेल्याने भरलेल्या गादीवर उस्ताद स्वतः पाठ टेकतो. तोवर चेला नुसता कापूस झोडणारा. उस्ताद आडवा झाला, की चेला पिंजारी.

"टेका ना चाचा."

चाचांनी कोपऱ्याची शिवण दोन बोटं उसवली. चिमूटभर कापूस काढून बोटांत फिरवला… पुन्हा फिरवला.

"गावरान. आखूड धाग्याचा. हा माझ्या हातून गेलाय… जमनाबाईचा."

तेजलला भरून आलं. "ओळखलात! आजीच्या लग्नातली गादी. पार दगड झाली होती. तीनदा पिंजला कापूस."

"एक गुठळी नाही. झकास." चाचांनी चिमूट परत आत सारली. "जमनाबाई आता कशावर निजते?"

"फोमची आणलीय तिला. भारीतली."

चाचांनी उसवलेली शिवण टाचून टाकली.

"टेकताय ना?"

चाचांनी गादीची वळकटी केली, खांद्यावर टाकली नि भर उन्हात चालू लागले.

"अहो चाचा! ती पुण्याला न्यायचीय!"

"तिकडे शब्द ने. तो हलका असतो."

तेजलच्या घरी जमनाबाई जमिनीवर सतरंजी टाकून कूस बदलत पडलेली. फोमची गादी भिंतीला उभी.

तेजलचा चेहरा उतरला. "आजी… दोन महिने तू खालीच निजतेस? बोलली नाहीस ती?"

"काय बोलू माय? नात नाव काढतेय, तिला म्हणू, माझी गादी दे? त्या फोमवर कंबर भाजते गं माझी."

चाचांनी गादी अंथरली.

म्हातारीने आधी हाताने चाचपली. मग वास घेतला. मग हळूच आडवी झाली.

"माझीच की गं ही! पण अशी कधीच नव्हती. दगडूभाई, खोटं नका बोलू. तुम्ही भरून दिली, तेव्हा तरी होती का अशी?"

"नव्हती," चाचा म्हणाले.

मान खाली घालून नव्हे. पोराचा पहिला नंबर आल्याचं चारचौघांत सांगावं, तसं छाती काढून म्हणाले.

जमनाबाईला ते ऐकूच गेलं नाही. डोळा लागला होता. थोड्या वेळाने घोरणंही सुरू झालं.

तेजल दाराशी कुजबुजली, "चाचा… तुमची पाठ टेकायची राहिलीच."

"जागा कुठं आहे, पिंजारीण?"