मुकी चंपा आणि शेवटची बी

बंड्या, पाय आत घे. सुमे, पांघरूण ओढू नकोस एकटीच. हं.

तर एका डोंगरावर एक राजा राहायचा. मनाने चांगला, पण भारी घाबरट, बरं का! त्याची एकुलती एक लेक चंपा. एकदा तिला असा ताप भरला, असा ताप भरला, की तो उतरला तेव्हा तिची वाचाच गेली. मग राजाने काय केलं, तिला सात पडद्यांच्या आत ठेवली. ऊन नको, वारा नको. पोर आपली मुकी ती मुकीच.

मग एक बैरागी आला. त्याने वांग्याच्या तीन बिया दिल्या. म्हणाला, "यांच्या वांग्यांचं भरीत लेकीला खाऊ घाला, बोलायला लागेल." पण बाहेर कडाक्याची थंडी. म्हणून रोप महालातच करायचं ठरलं.

पहिली बी घेतली राजाने. सोन्याच्या पेटीत माती घातली, बी पेरली आणि पेटी ठेवली तिजोरीत. वर कुलूप! अंधारात रोप वाढलं लांबच लांब, पांढरंफटक, आणि पडलं आडवं. दुसरी घेतली राणीने. तिने तासातासाला तांब्याभर पाणी ओतलं. मुळं कुजली, रोप गेलं.

उरली एकच बी. राजा रडकुंडीला आला. मग बोलावलं चिमाक्का माळणीला.

चिमाक्का म्हणाली, "करते महाराज, बिनघोर राहा. पण मधे कुणी लुडबूड करायची नाही. आणि चंपा मला मदतीला पाहिजे."

तिने बुडाला भोक असलेलं मडकं घेतलं, त्यात बी लावली आणि ते मुदपाकखान्याच्या उगवतीच्या खिडकीत ठेवलं. चंपा रोज पडद्यांतून बाहेर यायची. मातीत बोट घालून बघायची, कोरडी असली तरच पाणी. रोप एका बाजूला झुकू नये म्हणून मडकं थोडं फिरवायचं. आणि मग शेंड्यावरून अलगद हात फिरवायचा, दहा वेळा.

"वारा आला असं वाटतं त्याला," चिमाक्का सांगायची. "मग खोड घट्ट होतं."

आणि झालंच! रोप बुटकं, हिरवंगार, जाड खोडाचं. चंपाच्या गालांवरही रंग चढला.

थंडी ओसरली. चिमाक्का म्हणाली, "आता त्याला बाहेरची सवय करू." पहिल्या दिवशी अंगणात घटकाभर. दुसऱ्या दिवशी दोन घटका. तिसऱ्या दिवशी आला की हो सोसाट्याचा वारा! रोप वाकलं. राजा धावत आला. "अरे देवा, मेलं माझं रोप!" म्हणत त्याने मडकं उचललं आणि शालीत गुंडाळायला लागला.

चंपाला असा राग आला, असा राग आला!

"आबा, ठेवा ते खाली! काही होत नाही त्याला!"

राजा जागच्या जागी थिजला. राणी रडायलाच लागली. राजाने मडकं हळूच खाली ठेवलं आणि लेकीला पोटाशी धरलं.

चिमाक्का म्हणाली, "भरिताला अजून दोन महिने आहेत, महाराज. ही तर आधीच बोलली!"

राजाने त्याच दिवशी सातही पडदे उतरवले. दोन महिन्यांनी सगळ्या गावाने भरीत-भाकरी खाल्ली. चंपाने दोनदा घेतलं आणि सगळा वेळ बडबड, बडबड, अगदी आपल्या सुमीसारखी. सगळी सुखाने राहिली.

चला, मिटा डोळे. सकाळी खिडकीतल्या आपल्या मिरचीच्या रोपांवरून हात फिरवायचाय. आणि मग तुम्हीही अंगणात, उन्हात. कानटोपी-बिनटोपी काही मिळायची नाही.