वळणाईच्या थांब्याची कहाणी

ऐक, वळणाई माते, तुझी कहाणी. बायांनो, अक्षता मुठीत धरा, मोबाइल पिशवीत ठेवा आणि जरा टेकून बसा. ही कहाणी घाईनं ऐकायची नाही. का ते पुढं कळेल.

एक घाट होता, घाटाच्या पायथ्याशी आटपाट गाव होतं. तिथं महिपती नावाचा ट्रक ड्रायव्हर राहत होता. नाव महिपती, म्हणजे सगळ्या पृथ्वीचा राजा, पण राज्य केबिनएवढंच. गाडी शेठची, माल व्यापाऱ्याचा, रस्ता सरकारचा. स्वतःचं असं त्याच्याजवळ काय होतं? एक कंबरदुखी, आणि एक हौसा नावाची गुणाची बायको. तो निघाला की हौसा धपाटे थापायची, फडक्यात बांधून द्यायची. चार गावचे ड्रायव्हर त्या फडक्याभोवती जमायचे, बोटं चाटायचे आणि म्हणायचे, वहिनींनी दुकान टाकलं तर आम्ही दुसरीकडं जेवणार नाही.

घाटात मधल्या वळणावर वळणाईचं ठाणं होतं. शेंदराची शिळा, वर पत्रा, समोर घंटा. शहाणा ड्रायव्हर तिथं थांबतो, खाली उतरतो, हात जोडतो. महिपती काय करी? घाट चढताना तीनदा हॉर्न वाजवी, खिडकीतून नाणं फेकी आणि म्हणे, “आई, घाई आहे, येताना थांबतो.” घाट उतरताना तीनदा हॉर्न वाजवी, नाणं फेकी आणि म्हणे, “आई, घराची ओढ आहे, जाताना थांबतो.” दाढी काळी होती तेव्हापासून हे चाललं, ती पांढरी झाली तरी चाललंच होतं. भाव नव्हता असं नाही हो. भाव होता, ब्रेक नव्हता.

गाव सोडून रस्ता घाट चढू लागतो तिथं त्याच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. तिचं नाव भामाक्का. नवरा देवाघरी गेलेला, पोटी मूल नाही, माहेरचं माणूस म्हणजे हा एक भाऊ. तिच्या दारावरूनही तो हॉर्न वाजवत जायचा. हॉर्न ऐकला की आक्का हातातलं काम टाकायची, पाण्याचा तांब्या घ्यायची, धावत बाहेर यायची. तोवर गाडी पुढं गेलेली. खिडकीतून एक हात हलायचा, आणि वाऱ्यावर शब्द यायचे, “आक्का, येताना थांबतो.” तांब्यातलं पाणी ती तुळशीला घालायची आणि आत जायची.

मग काय झालं? एकदा महिपती लांबच्या खेपेवरून घरी आला. अंगणात पाय ठेवला तर शेजारचं कुत्रं भुंकत अंगावर आलं. ते वाण्यावर भुंकत नव्हतं, पोस्टमनवर भुंकत नव्हतं, घरधन्यावर भुंकलं. महिपती चिडला, दगड उचलला. हौसा दारातून म्हणाली, “त्याचं काय चुकलं? त्यानं तुम्हाला पाहिलंय कधी?”

महिपतीनं दगड खाली टाकला आणि पायरीवर बसला. फार वाईट वाटलं त्याला. सकाळी उठला, शेठकडं गेला, गाडीची किल्ली परत केली. आता गावातच राहीन, धपाट्यांचं दुकान टाकीन, म्हणाला. शेठ हसला. किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाला की इथंच लटकलेली असेल, कधीही या.

श्रावणात रस्त्याकडेला पत्र्याची शेड उभी राहिली. हौसानं चूल मांडली, ठेचा वाटला, दह्याची मडकी लावली. महिपतीनं बाकडी पुसली, खांद्यावर फडकं टाकलं आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

मग पहिल्यांदा काय आलं? जुन्या सोबत्यांचे ट्रक आले. तीनदा हॉर्न वाजला, खिडकीतून हात हलला. “महिपतराव, घाई आहे, येताना थांबतो.” आणि गेले. मग दुसऱ्यांदा काय आलं? यात्रेची बस आली. पुढं बसलेली बाई म्हणाली, आरती गाठायचीय, येताना थांबतो. आणि गेली. मग तिसऱ्यांदा काय आलं? गावचे गुरुजी सायकलवरून आले. पाय टेकवून म्हणाले, शाळेची वेळ झाली, येताना थांबतो. आणि गेले. येतानासुद्धा सगळे त्याच रस्त्यानं आले, पण थांबलं कुणी नाही.

पहिल्या दिवसाचं दही शेजाऱ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवसाचं आंबलं. पुढं पुढं हौसा मडकं अर्धंच लावू लागली. भादवा लागला, पिठाच्या डब्याचा तळ दिसू लागला. शेठचा निरोप आला, दिवाळीचा माल भरायचाय, किल्ली घेऊन जा. हौसानं निरोप ऐकला. ज्या फडक्यात धपाटे बांधून द्यायची ते फडकं तिनं धुऊन वाळत घातलं, आणि महिपती ते बघत उभा राहिला. पुन्हा तो रस्ता, पुन्हा ते कुत्रं.

अशा वेळी एक म्हातारी काठी टेकत आली. डोईवर पदर, कपाळावर गोंदण, आणि गोंदणाच्या वर सुपारीएवढं टेंगूळ. ती बाकड्यावर ऐसपैस बसली. हौसानं गरम धपाटं वाढलं, दही वाढलं. म्हातारी सावकाश जेवली, बोट न् बोट पुसलं. मग महिपतीला म्हणाली, बस माझ्याजवळ. तो म्हणाला, आजी, मला कुठं बसायला वेळ, गिऱ्हाईक येईल. म्हातारीनं मोकळ्या बाकड्यांकडं बघितलं. तो येऊन बसला.

बसल्यावर त्यानं विचारलं, “आजी, कपाळाला काय लागलं?”

“काय सांगू, बाबा. माझं एक लेकरू आहे. जाता-येता मला नाणं फेकतं. मायेनंच देतं. पण चालत्या गाडीतून फेकलेलं नाणं लागतं.”

“आणि थांबत नाही?”

“नाही. काहीतरी म्हणतं आणि जातं. काय म्हणत असेल, तूच सांग.”

महिपतीनं सांगायला तोंड उघडलं. “आई, घाई आहे,” इतकं म्हणाला आणि तिच्या कपाळावरच्या टेंगळाकडं बघत राहिला. चुलीपाशी हौसाच्या हातातलं उलथनं थांबलं. दोघांनाही एकदमच कळलं की सगळा गाव इतके दिवस कुणाचे शब्द बोलत होता.

देवी रागावली होती का? नाही, बायांनो. रागावायचं असतं तर घाटात जागा काय कमी होती? तिनं त्याला त्याचंच बोलणं परत ऐकवलं, एवढंच.

महिपतीनं पाय धरले, उपाय विचारला. म्हातारी म्हणाली, “वसा सांगते. तीन मंगळवार दुकान बंद ठेव. ज्या वाटेनं धावलास त्या वाटेनं पायी जा. जिथं थांबतो म्हणालास तिथं थांब. समोर येईल ते खा, सांगतील ते ऐक, आणि समोरच्यानं निघ म्हटल्याशिवाय उठू नको. माझ्या ठाण्यावर फूल लाव. उजवं फूल पडलं की मी निघ म्हणाले असं समज. तिसऱ्या मंगळवारचा दिवस मावळेपर्यंत कौल मिळाला तर वसा पुरा झाला, नाहीतर तुझी किल्ली आहेच खिळ्याला.”

महिपती म्हणाला, “थांबेन, बसेन, घेतला वसा चाकाखाली घालणार नाही.” वर बघतो तर बाकडं मोकळं, आणि ताटात दह्याचा ठिपकासुद्धा नाही.

पहिला मंगळवार आला. महिपती पहाटे उठला, न्हाला, फुलं घेतली, पायी निघाला. भामाक्कानं त्याला लांबून पाहिलं. भाऊ पायी येतोय हे बघून तिचा विश्वास बसेना. तांब्या घेऊन धावली. महिपती चालता चालता म्हणाला, “आक्का, देवीला निघालोय, येताना थांबतो.” ठाण्यावर गेला, फुलं लावली, बसून राहिला. दुपार झाली, सांज झाली, फूल पडलं नाही. शेवटी दमून पायवाटेनं खाली उतरला. पायवाट आक्काच्या घराच्या खाली निघते, तिचं दार वाटेत लागत नाही.

दुसरा मंगळवार आला. भामाक्का रस्त्यावरच उभी होती. महिपती म्हणाला, “आक्का, उपास आहे, मागच्या खेपेला कौल मिळाला नाही, येताना थांबतो.” ठाण्यावर गेला, फुलं लावली, हात जोडले, रडला. फूल पडलं नाही. पुन्हा पायवाटेनं खाली उतरला.

तुम्ही आता कपाळाला हात लावताय. लावा. थांबायचं व्रत करायला निघालेला माणूस थांबायलाच विसरला. पण त्याला हसू नका. वीस पानं वाढायची म्हणून दारात आलेल्या आईला ‘नंतर बोलू’ म्हणणाऱ्या आपणही इथंच बसलोय.

तिसरा मंगळवार आला. हौसानं त्या दिवशी पीठ मळलंच नाही, मळायला पीठच नव्हतं. आज कौल नाही तर उद्या किल्ली, असं ठरवून महिपती निघाला. भामाक्काचं घर आलं. दारात कुणी नव्हतं. तो पुढं गेला. दहा पावलं गेला आणि त्याला चालवेना. इतक्या वर्षांत ते दार मोकळं कधी दिसलं नव्हतं. तो मागं फिरला, वाकून आत गेला.

भामाक्का भिंतीला टेकून बसली होती. भाऊ आत आलेला बघून उठली नाही. म्हणाली, “आता धावत नाही रे, महिपा. गाडी काही मला कधी सापडली नाही. म्हटलं, पायीसुद्धा सापडत नाही, मग बसावं.”

महिपती तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिनं पाणी दिलं, ते प्यायला. तिनं पिठलं-भाकर वाढली. उपास होता, पण समोर येईल ते खायचं होतं, तो जेवला. मग आक्का बोलू लागली. गाईचं बोलली, गळक्या कौलाचं बोलली, आईच्या आठवणी बोलली, दाजींच्या शेवटच्या दुखण्याचं बोलली. महिपतीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दारातलं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं, उंबऱ्यावरून अंगणात गेलं. आता निघालं नाही तर ठाण्यावर दिवसाउजेडी पोचणं नाही. पण आक्का काही निघ म्हणाली नाही. महिपतीनं एकदा अंगणाकडं बघितलं, एकदा बहिणीकडं बघितलं, आणि मांडी घट्ट घातली. वसा गेला तर गेला, दुकान गेलं तर गेलं, असं त्यानं मनाशी म्हटलं.

तेवढ्यात आक्कानं दिवा लावायला पदर मागं सारला. तिच्या गोंदणाच्या वर एक जुना व्रण होता.

“आक्का, हे कुठं लागलं?”

“ते जुनं आहे.”

“पण कुठं लागलं?”

आक्का दिव्याची वात सारखी करीत म्हणाली, “ज्यांना भाऊ नसतो त्या भाऊबीजेला चांदोबाला ओवाळतात. मला तर भाऊ होता. मी ताट घेऊन दारात उभी राहायची. वळणावर तुझ्या गाडीचा दिवा दिसला की दिव्याला ओवाळायची. तू खिडकीतून ओवाळणी टाकायचास. एका वर्षी लागली. तुझी ओवाळणीच आहे ती, महिपा, दुसरं काही नाही.”

महिपतीनं बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोरासारखा रडला. आक्कानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, “आता निघ. हौसा वाट बघत असेल.”

ती असं म्हणाली, आणि देव्हाऱ्यात वळणाईचा पितळी टाक होता त्याच्या उजव्या खांद्यावरचं फूल खाली पडलं. बाहेर दिवस अजून मावळायचा होता. देवी काय घाटात नव्हती? होती. पण त्या मंगळवारी ती इथं येऊन बसली होती.

इकडं काय झालं? बुधवारी पहाटे हौसा उसन्या पिठाचे धपाटे थापत होती. रस्त्यावर हॉर्न वाजला. तिनं वर बघितलं नाही. मग तिला इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. ड्रायव्हर खाली उतरला, म्हणाला, वहिनी, रोज येताना म्हणतो, आज म्हटलं जातानाच थांबावं. मागून यात्रेची बस थांबली, गुरुजी थांबले. दुपारपर्यंत दह्याची मडकी रिकामी झाली. महिपतीनं एक नेम केला, जो येईल त्याच्याजवळ घडीभर बसायचं. शेठसुद्धा आला, हातात किल्ली घेऊनच आला. महिपती म्हणाला, शेठ, आधी बसा. शेठ बसला, जेवला, आणि किल्ली खिशात घालून गेला.

मंगळवारी दुकान बंद, त्या दिवशी महिपती पायी आक्काकडं जायचा. एकदा मंगळवारीच मोठ्या बारशाच्या धपाट्यांचं काम आलं. हौसा म्हणाली, वन्सं वाट बघतील, आपल्याला ते काम नको. महिपती म्हणाला, घाई त्यांना आहे, मला नाही. शेजारचं कुत्रं त्याच्या पाठोपाठ घाटापर्यंत चालत जाऊ लागलं.

मग दिवाळी आली, भाऊबीज आली. तिन्हीसांजेला भामाक्कानं ताट केलं, निरांजन लावलं, आणि जुन्या सवयीनं दारात जाऊन उभी राहिली. नजर वर वळणाकडं, गाडीच्या दिव्याची वाट बघत. एक गाडी आली आणि गेली. दुसरी आली आणि गेली.

मागून आवाज आला, “आक्का, इकडं.”

महिपती खालच्या पायवाटेनं, मागच्या दारानं येऊन केव्हाचा पाटावर बसला होता. आक्का वळली. ताट खाली ठेवून तिनं आधी त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. मग ओवाळलं. महिपतीनं ओवाळणी ताटात ठेवली, हळूच, आवाज न करता.

जशी वळणाई महिपतीला पावली, हौसाची चूल पेटती राहिली, भामाक्काला दिव्याच्या जागी भाऊ मिळाला, तसं तुम्हा-आम्हाला मिळो. वाटेवरच्या सगळ्यांच्या गाड्या आपापल्या दारात थांबोत, इंजिनं बंद होवोत. ही साठ वळणांची कहाणी पाच वळणांत घरी पोचली, सुफळ झाली, संपूर्ण झाली. अक्षता वाहा, प्रसाद घ्या, आणि घरधनीण ‘निघा’ म्हणेपर्यंत कुणी उठू नका.