आठाचं रीळ

“म्हणजे पाचाचं घेऊ, की आठाचंच राहू दे? एवढंच सांगा, नाना.”

येसूनाना पाण्याकडे बघत बसले होते. प्रश्न तिसऱ्यांदा आला होता, तरी ते हलले नाहीत.

जयवंत दातारांना उत्तराची घाई होती. त्यांना ज्याची घाई नाही अशी गोष्ट शोधूनच काढावी लागली असती. एकतीस वर्षं पुण्याच्या कारखान्यात गियर कापण्यात गेली. निवृत्त झाले तरी मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटं पुढेच. गेलं वर्षभर दर रविवारी ते धरणाच्या या काठावर येत, गळ लावलेला नकली मासा लांब फेकत आणि रीळ फिरवून ओढून घेत. खरा मासा एकदाही लागला नव्हता.

नाना ऐंशीच्या पुढचे. हौशी मासेमारांना होडीतून फिरवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. आता होडी काठावर पालथी पडली होती आणि हौशी मंडळी दुसऱ्या धरणावर जाऊ लागली होती. रविवारी दातार येत, तेवढंच माणूस दिसायचं.

“पाच म्हंजे काय, आठ म्हंजे काय, ते तरी सांगा सायेब,” नाना शेवटी म्हणाले.

दातार खुलले. हा त्यांचा प्रांत होता.

“मूठ एकदा फिरवली, की पाचाच्या रिळावर दोरीचे पाच वेढे बसतात, आठाच्या रिळावर आठ. आता हा मासा बघा.”

त्यांनी तळहातावर हिरवा, रंग उडालेला मासा धरला. बोटभर लांब, आतून पोकळ, आणि तोंडापुढे चमच्यासारखा लांब ओठ. ओढला की त्या ओठावर पाणी घेऊन तो खाली खाली बुडी मारतो, पार पंधरा फुटांपर्यंत.

“हा खोल जाणारा. ओढायला जड. दुकानदार म्हणतो, याला हळू रीळच हवं, पाचाचं. मी म्हणतो, आठाचं रीळ हळू फिरवता येतं की! पाचाचं जोरात फिरवता येत नाही. मग आठाचंच शहाणपणाचं नाही का? गियरचं मला कुणी शिकवू नये.”

“आठाचं हळू फिरवता येतं...” नानांनी मान डोलावली. “खरं हाय. फिरवता का?”

दातारांना हे झोंबलं. म्हातारा सरळ उत्तर देणार नाही म्हटल्यावर त्यांनी रॉड उचलला आणि मासा लांब भिरकावला. मग मूठ फिरवायला लागले. दहा फेऱ्यांत मनगट भरून आलं, तरी हात थांबेना.

खट्...

काहीतरी अडकलं. दातारांनी रॉड मागे खेचला. तंगूस, म्हणजे रिळावरची नायलॉनची दोरी, ताणली, तारेसारखी वाजू लागली. त्यांनी आणखी खेचला.

“सोड!” नाना ओरडले. त्यांच्या तोंडचं ‘सायेब’ कुठच्या कुठे गेलं होतं.

“सोडू कसा? तुटेल ना!”

“ओढलास तर तुटंल.”

दातारांचा चेहरा उतरला होता. नानांनी तो निरखून पाहिला.

“डब्यात दुसरं न्हाईत?”

“आहेत. दहा आहेत...” दातारांचा आवाज बारीक झाला. “हा वसुधाने दिलेला.”

वसुधा म्हणजे दातारांची बायको. मागच्या पौषात गेली, एवढं नानांना ठाऊक होतं.

नाना उठले. दोन बोटांत तंगूस धरून डोळे मिटले.

“शेंदऱ्याला लागलाय.”

“कोण शेंदऱ्या?”

“आंबा. पान्याखाली आमची आमराई हाय. खोडं ऱ्हायलीत नुसती. शेंदऱ्या, गोटी, शेप्या... हात हलका ठेवला तर वळखू येत्यात.” त्यांनी दातारांच्या हातातला रॉड खाली दाबला. “ढील दे. आनखी दे.”

तंगूस सैल पडली, पाण्यावर वाकडीतिकडी तरंगू लागली. दातारांना ते बघवेना. एवढी सैल दोरी त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती.

दोघं बसून राहिले...

मग बऱ्याच लांब, टप् करून, पाण्यावर हिरवा ठिपका उगवला.

“आला! नाना, आला!” दातार लहान पोरासारखे उठले आणि आनंदाच्या भरात गरगरा मूठ फिरवू लागले.

हिरवा ठिपका क्षणभर थरथरला आणि डोकं खाली घालून नाहीसा झाला.

खट्...

दातार मटकन खाली बसले.

नाना हसले नाहीत. त्यांनी नुसती रिळावरून तंगूस सोडली, हातभर, दोन हात, चार हात.

“तूच त्याला बुडवलास बघ. त्याचं त्याला वरच यायचं व्हतं.”

ऊन कलायला लागलं. समोरच्या डोंगरावर कोणी नव्हतं, पाण्यावर होडी नव्हती. या वेळी ठिपका काही उगवेना. दातार घड्याळ बघायचे, पाण्याकडे बघायचे, पुन्हा घड्याळ बघायचे. शेवटी त्यांनी ते काढून खिशात टाकलं.

“घरात तिचं काय काय हाय?” नानांनी विचारलं.

“काही नाही.”

नानांनी आणखी हातभर तंगूस सोडली.

“तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपाट रिकामं केलं,” दातार म्हणाले. “साड्या, चपला, चष्मा, तिच्या पदार्थांच्या वह्या. दोन वाजता एका संस्थेचा टेम्पो आला. मला वाटलं, समोर राहिलं की त्रास होईल. मृणाल, माझी मुलगी, नवऱ्याला स्टेशनवर सोडायला गेली होती. परत आली तर कपाटात नुसते हँगर.”

“काय म्हनाली?”

“म्हणाली, बाबा, तुम्ही आईला एका दुपारीत आवरून टाकलंत.”

“मग तू?”

“मी तिला समजावलं. म्हटलं, वस्तूंत माणूस नसतं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल... ती काही बोलायला लागली, की मी समजवायचो. मग तिने फोन करणं बंद केलं.” त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. “हा मासा गाडीच्या डिकीत होता, माझ्या डब्यात. म्हणून राहिला. घरी गेलं की बोलायला कुणी नसतं, नाना. मी बातम्यांना उत्तरं देतो.”

नानांनी आपली पालथी होडी पाहिली, मग पाणी पाहिलं. कितीतरी वेळ दोघांपैकी कुणीच बोललं नाही, आणि दातारांच्या लक्षात आलं, की आपला हात रिळावर नाही.

टप्...

हिरवा ठिपका वर आला होता. मघापेक्षा पुष्कळ जवळ.

दातार उठले नाहीत. त्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी रॉड त्यांच्या मांडीवरून उचलून बाजूला दगडावर ठेवला आणि ओली तंगूस त्यांच्या बोटांत दिली.

दातार हाताने ओढू लागले. वीतभर ओढायचे, थांबायचे. मासा पाण्यावरून डुलत पुढे यायचा, थांबायचा. एकदा त्याचं डोकं जरा खाली गेलं, तसा त्यांनी हात तिथेच रोखला. तो पुन्हा वर आला. काठाला लागेपर्यंत सूर्य डोंगराला टेकला होता.

दातारांनी मासा उचलून शर्टाला पुसला. ओठावर नवा ओरखडा होता. त्यांना जोरात रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

नाना शेजारी बसून राहिले. ‘उगी’ म्हणाले नाहीत.

बऱ्याच वेळाने दातारांनी नाक पुसलं. “नाना... मग रीळ कुठलं घेऊ?”

“फोन हाय का खिशात?”

“आहे.”

“हितं लागतो?”

“या दगडावर लागतो.”

दातारांनी फोन काढला, मृणालचं नाव काढलं आणि त्यावर अंगठा तसाच धरून ठेवला.

“तिने उचलला, तर काय बोलू?”

“आईचं एक ऱ्हायलंय माझ्यापाशी, येवढंच सांग. मग ती बोलाय लागंल...” नाना म्हणाले. “तवा रीळ फिरवू नगंस.”