पाठमोरी भिवरा

फार वर्षांपूर्वी, खडकवाकीच्या ओढ्यावर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. ओढ्यापलीकडे एकच झोपडी होती आणि तिथे भिवरा राहायची. ती कुठली, कुणाची कोण, कुणाला ठाऊक नव्हतं. खुरपं घेऊन आली आणि लोकांच्या शेतात खुरपायला लागली, एवढंच.

आता पाथरी तुम्ही पाहिलीच असेल. ज्वारीच्या रानात उगवते, जमिनीला चिकटून पानं पसरते, मग एक दांडी वर काढते आणि तिच्यावर पिवळं फूल उघडतं. खडकवाकीला तेव्हा ते नुसतं तण होतं. बाया खुरपून बांधावर फेकायच्या, गुरांपुढे टाकायच्या. भिवरा तेच उचलून लुगड्याच्या ओट्यात भरायची. दुपारी भाकरीवर कच्चीच पानं घ्यायची, वर मीठ नि जवसाची चटणी. पहिला घास कडू लागतो, दुसरा बरा लागतो. पण गावानं तिचं नाव ठेवलं, तणखाई.

एका साली खंडोबाच्या षष्ठीला गावजेवण होतं. रोडगे होते, वांग्याचं भरीत होतं. वाढायला पाटलीण साळूबाई स्वतः उभी होती. मनानं वाईट नव्हती बाई, पण चार माणसं हसली की तिला चेव यायचा. भिवरा पंगतीच्या टोकाला बसली होती. साळूबाई तिच्यापाशी आली आणि तिनं पत्रावळीवर रोडगा वाढलाच नाही. मूठभर पाथरी टाकली, मुळाच्या मातीसकट.

“खा गं भिवरे, तुझं पक्वान्न!”

सगळी पंगत हसली. म्हातारे हसले, लेकरं हसली. एकानंही हात थांबवला नाही.

भिवरानं माती झटकली. एकेक पान खाल्लं. पत्रावळ उचलली आणि म्हणाली, “गोड लागलं, पाटलीणबाई.” मग ती ओढा उतरून गेली. त्या दिवसापासून ती कुणाच्या शेतात आली नाही. तिला बोलवायलाही कुणी गेलं नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

पुढच्या साली पाऊस रुसला. मृग कोरडा, हस्त कोरडा. विहिरींनी तळ दाखवला, ज्वारीची ताटं उभ्या उभ्या वाळली. कणग्या रिकाम्या झाल्या. हिरवं उरलं ते फक्त ओढ्यापलीकडे, भिवराच्या झोपडीभोवती. तिथे पाथरी अशी माजली होती, की तिच्या फुलांनी लांबून हळद सांडल्यागत दिसायचं.

मग गाव तिकडे जायला लागलं. उजाडता उजाडता, पदरानं तोंड झाकून, एकेकटं. वाटेत दोघी समोरासमोर आल्या की एक म्हणायची, “शेळी चुकलीय, ती बघतेय.” दुसरी म्हणायची, “माझी पण.” गावात शेळी कुठे उरली होती!

भिवरा दारात बसलेली असायची, ओढ्याकडे पाठ करून. कोण आलं, कोण वाकलं, तिनं कधी वळून पाहिलं नाही. सकाळी खुडलेली पाथरी दुसऱ्या पहाटे पुन्हा तेवढीच उभी असायची, असं म्हणतात. त्या पाल्यावर गाव जगलं.

एका पहाटे साळूबाई गेली. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती आणि उपाशीपोटी तिचं दूध आटलं होतं. साळूबाईनं ओटा भरला. तिला निघवेना. शेवटी तिनं तोंडावरचा पदर काढला.

“भिवरे, मी आहे. साळू.”

“कोण म्हणून इचारलं न्हाई मी.”

“माझं चुकलं गं. एकदा वळ. माझ्या तोंडाकडं बघ.”

भिवरा वळली नाही. “लेकरू भुकेलं आसंल, पाटलीणबाई. जावा.”

लेकरू जगलं. पण ती पाठ मायेची होती की रागाची, हे साळूबाईला मरेपर्यंत उमगलं नाही. लोकांनी समजूत घातली, की आपल्याला लाज वाटू नये म्हणून ती बघत नव्हती. साळूबाई मान हलवायची आणि रडायची.

पुढे पाऊस आला. ओढा वाहिला. सारं गाव लुगडं-चोळी घेऊन भिवराला आणायला गेलं. ती दारात पाठमोरीच बसली होती. लोक वळसा घालून समोर गेले, तर तिथूनही पाठच दिसली. डावीकडून गेले, उजवीकडून गेले, जिकडून जावं तिकडून पाठ. शेवटी साळूबाईनं पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात पानांवर पडला, असं म्हणतात. तिथे बाई नव्हती, पाथरीचा दाट पुंजका होता आणि त्याच्यावर पिवळी फुलं उघडत होती. लुगडं तिथेच पसरून गाव परतलं.

तेव्हापासून खडकवाकीत ज्वारी खुरपताना वाटेकडची एक ओळ कुणी खुरपत नाही. ती भिवराची. तिथली पाथरी कुणीही खुडावी. आणि कुणी खुडायला वाकलं, की शेताचा मालक हातातलं काम टाकून पाठ फिरवून उभा राहतो. नव्या पाहुण्याला वाटतं, काय माणूसघाणं गाव आहे! तो कारण विचारतो. कुणी सांगत नाही. अजून लाज वाटते.