निंबोऱ्याचा मुका बाजार

त्या दिवशीही असंच ऊन होतं म्हणे. वारा पडलेला, पिंपळाचं पान हलत नव्हतं, आणि गढीची वाट तव्यासारखी तापलेली. तुम्ही आता निंबोऱ्याच्या बाजारातून आलात. माल मांडलेला, माणसं बसलेली, पण एकही आरोळी तुमच्या कानावर आली नसेल. त्याला कारण म्हादबा कुंभार, असं सांगतात.

बाजार पहिल्यापासून मंगळवारचा, गढीच्या पायथ्याशी. नव्या सुभेदारानं तो शुक्रवारवर नेला. शुक्रवारी नदीपलीकडच्या कसब्यात मोठा बाजार, त्यामुळे गिऱ्हाईक सगळं तिकडं. म्हादबाच्या अंगणात मडक्यावर मडकं चढलं, भाजणीचा आवा पेटेना. असंच चाललं तर चाक मोडून जावयाच्या दारी जाऊन राहायचं, एवढंच म्हाताऱ्याच्या हाती उरलं होतं. जावई भला होता, पण जावयाला आई होती.

मग सगळे धंदेवाले जाकाईच्या देवळात जमले. मंगळवार मागायचा, एवढंच ठरवायचं होतं. पण तेल्याला वाटलं, जातोच आहोत तर घाण्यावरची पट्टी माफ करून घ्यावी. मिठवाल्याला मिठावर छप्पर हवं होतं. कासाराचं म्हणणं, सरकारनं तेल्याला आपल्यापासून लांब बसवावं. दिवस मावळेपर्यंत मंगळवार कुणाच्या तोंडी राहिला नाही.

शेवटी म्हादबाच्या शेजारच्या रायाप्पा तांबोळ्यानं तोड काढली. बोलायचं ते एकट्या म्हादबानं. त्याचं कुणाशी वाकडं नाही. बाकीच्यांनी तोंडात अख्खी सुपारी धरायची आणि जाकाईची शपथ घ्यायची, की काम होईपर्यंत सुपारी काढायची नाही नि शब्दही काढायचा नाही.

त्या रात्री म्हादबा आपलं बोलणं मोठ्यानं घोकत बसला. दुसऱ्या दिवशी निघताना रायाप्पानं सुपारीचं तबक फिरवलं. तबक आधी वडीलधाऱ्यापुढं धरायचं, ही इथली रीत. म्हणून ते म्हादबापुढं आलं. पुढ्यात आलेल्या सुपारीला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्यानं ती तोंडात टाकली, आणि सगळ्यांबरोबर हात जोडून शपथही घेतली. चूक ध्यानात आली तोवर उशीर झाला होता. बोलणार कोण, सगळ्यांच्या तोंडात सुपारी.

गढीवर सुभेदार जेवून तक्क्याला टेकला होता. आता कल्लोळ होणार म्हणून कपाळाला आठ्या घालूनच त्यानं विचारलं, काय पाहिजे. सगळे म्हादबाकडं बघायला लागले. म्हादबाचं पाठ केलेलं बोलणं घशाशी आलं आणि सुपारीला अडलं. शपथ मोडावी तर जाकाई, उठून जावं तर जावयाची आई. तो घाम पुसत बसून राहिला. तो बसला म्हणून सगळे बसले. वाट बघता बघता सुभेदाराची मान कलली आणि तो घोरायला लागला.

उन्हं उतरल्यावर त्याला जाग आली. बघतो तर मंडळी तशीच, हूं की चूं नाही.

"मंगळवारी तुमच्या आरोळ्यांनी मला दुपारची झोप नव्हती," तो म्हणाला. "शुक्रवारी मी फिरतीवर असतो, म्हणून बाजार तिकडं सरकवला. दुपारचं असं गप बसणार असाल, तर घ्या तुमचा मंगळवार."

तेल्यानं पट्टीचं काढायला तोंड उघडलं, तसा कासारानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्या दोघांचं एकमेकांशी जमलेलं तेवढंच काम, म्हणतात.

सुभेदार गेला, सुभेदारीही गेली. पण आजही मंगळवारी दुपारी इथला माणूस सुपारी तोंडात धरून बसतो. भाव विचारलात तर बोटं दाखवतो.

त्या दिवशी गढी उतरताना म्हादबा सगळ्यांच्या मागं चालत होता. बाजार मिळाला, पण आपल्यावर टाकलेलं काम आपण केलं नाही, हे त्याच्या मनाला लागून राहिलेलं. दारापाशी आल्यावर त्यानं रायाप्पाला तसं बोलून दाखवलं.

"मामा," रायाप्पा म्हणाला, "ते भाषण मी काल कुडापलीकडनं सगळं ऐकलंय. जाकाईनं सांभाळलं म्हणायचं."